शार्ल-ऑगस्टिन द कूलोम

शार्ल-ऑगस्टिन द कूलोम (१४ जून, १७३६:आंगुलेम, फ्रान्स - २३ ऑगस्ट, १८०६:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच लष्करी अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युत प्रभाराच्या एककाला त्यांचे नाव दिलेले असल्याने ते मुख्यतः विद्युतशास्त्रज्ञ म्हणून परिचित आहेत. तथापि विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना मिळाले ते घर्षणावरील प्रयोगांनंतर.

== पूर्वायुष्य ==
मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातून कूलोम १७६१ मध्ये उत्तीर्ण झाले. १७६४ ते १७७२ या काळात ते कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटावर बूर्बों किल्ल्याच्या बांधकामावर होते. तेथे ढासळलेली प्रकृती पुढे कधीच पूर्णपणे सुधारली नाही. मात्र मातीचा दाब आणि कमानींचे स्थैर्य यांवरील त्यांचा १७७३ चा प्रबंध याच अनुभवातून सिद्ध झाला.

== घर्षणाचे प्रयोग ==
घर्षण हे पृष्ठांवरील दाबाच्या प्रमाणात असते, हा नियम आमोंतों यांनी १६९९ मध्येच मांडला होता. परंतु जहाजे व अवजड यंत्रे यांना तो कितपत लागू पडतो, याची खात्री नव्हती. अकादमीने या विषयावर स्पर्धा जाहीर केली आणि प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले पाहिजेत, अशी अट घातली. १७७९ मध्ये रोशफोर येथे नेमणूक झालेल्या कूलोम यांना तेथील जहाजबांधणीची गोदी प्रयोगशाळेसारखी वापरता आली.

भक्कम मेजावर बसवलेल्या ओकच्या तुळयांवरून वजन लादलेली घसरगाडी दोरीने ओढून ते आवश्यक बल मोजत. लाकडावर लाकूड, लाकडावर धातू, धातूवर धातू. कोरडे पृष्ठ, चरबी लावलेले पृष्ठ अशा अवस्था त्यांनी आलटून पालटून तपासल्या. स्थिर वस्तू हलवण्यास लागणारे बल ती किती वेळ टेकून राहिली यावरही अवलंबून असते, हे त्यांना आढळले. कोरड्या लाकडात ही वाढ मिनिटा-दोन मिनिटांत थांबते, धातूंमध्ये ती जवळजवळ नसतेच, तर चरबी लावलेल्या पृष्ठांत ती दीर्घकाळ चालू राहते. अनेक महिने उतारावर उभे असलेले जहाज पाण्यात लोटणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब केवळ पुस्तकी नव्हती. गती सुरू झाल्यावर मात्र कोरड्या पृष्ठांचे घर्षण वेगावर फारसे अवलंबून नसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

गडगडणाऱ्या वस्तूंसाठी त्यांनी ओकच्या दोन आडव्या पट्ट्यांवर लिग्नम व्हिटी व एल्म या लाकडांचे दंडगोल ठेवले. दंडगोलावरून टाकलेल्या दोऱ्यांना दोन्ही बाजूंनी समान वजने टांगून, एका बाजूस थोडे थोडे वजन वाढवत ते गती सुरू होण्याचा क्षण पाहत. हा विरोध भाराच्या समप्रमाणात आणि व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असल्याचे दिसून आले. या प्रबंधास १७८१ चे पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते अकादमीवर निवडले गेले.

== बोलिंगमधील उपयोग ==
कूलोम यांनी बोलिंगचा अभ्यास केला नव्हता. योगायोग असा की, विसाव्या शतकाच्या आरंभी कठीण रबराचे चेंडू येईपर्यंत या खेळातील चेंडूही लिग्नम व्हिटीचेच असत. सुमारे ६० फूट लांबीच्या मार्गिकेच्या पुढील भागावर तेल असते. तेथे फिरकी दिलेला चेंडू बराचसा घसरतो. कोरड्या भागात पोहोचताच घर्षण वाढते, चेंडू वळतो आणि अखेरीस न घसरता गडगडू लागतो. वेगवेगळ्या तेलपट्ट्यांवर एकच चेंडू टाकून पाहण्याची आजची रीत मुळात रोशफोरचीच आहे: भार तोच ठेवायचा आणि पृष्ठ बदलायचे. अर्थात तेलाच्या थरावर वेगाचाही परिणाम होत असल्याने कूलोम यांचा साधा नियम तेथे अपुरा पडतो.

== उत्तरायुष्य ==
ब्रिटनी प्रांतातील कालव्यांच्या योजनेवर प्रतिकूल अभिप्राय दिल्यामुळे त्यांना अल्पकाळ कारावास भोगावा लागला. १७८५ पासून पीळ-तुलेच्या साहाय्याने त्यांनी विद्युत व चुंबकीय बलांचे नियम प्रस्थापित केले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, वजनमापांच्या समितीतून त्यांना वगळण्यात आले, तेव्हा ते ब्लुआजवळील आपल्या घरी गेले. १८०२ पासून मृत्यूपर्यंत ते सार्वजनिक शिक्षणाचे महानिरीक्षक होते. घर्षणावरील त्यांचा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८२१ मध्ये, पॅरिस येथे पुस्तकरूपाने पुन्हा प्रसिद्ध झाला.