छावणीतील पाळक : रेव्ह. हेन्री मार्टिन

काशीच्या घाटांपासून थोडे वरच्या अंगास, गंगेच्या पलीकडील तीरावर रामनगरचा किल्ला उभा आहे. राजा बलवंतसिंहाने अठराव्या शतकाच्या मध्यास चुनारच्या दगडात तो बांधविला. ऑगस्ट १७८१ मध्ये याच रामनगरच्या अरुंद गल्ल्यांत राजा चेतसिंहाच्या शिपायांनी कंपनीच्या तुकडीची दाणादाण उडविली आणि वॉरन हेस्टिंग्जला चुनारच्या आश्रयास जावे लागले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ट्रुरो गावी हेन्री मार्टिन यांचा जन्म झाला. एकोणतीस वर्षांनी, ऑक्टोबर १८१० मध्ये, त्यांची नाव कानपूरहून गंगेच्या प्रवाहाने उतरत या किल्ल्याजवळून गेली, तेव्हा ते क्षयाने पार खंगले होते.

केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८०१ साली ते सर्वप्रथम आले होते. पुढे वाटेल ती मानाची जागा त्यांना मिळाली असती. त्यांची ओढ मात्र सुवार्ताकार्याकडे होती, आणि हिंदुस्थानात येण्याची वाट मिळाली ती कंपनीच्या लष्करी पाळकाची. अंतःकरण एकीकडे व नेमणूक दुसरीकडे, हा पेच त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही.

युद्ध त्यांनी वाटेतच पाहिले. जानेवारी १८०६ मध्ये इंग्रजांनी केप येथे डचांशी लढाई दिली. ज्या पलटणीबरोबर मार्टिन यांनी महिनोन्‌महिने प्रवास केला होता, तीच रणांगणात उतरली. लढाईनंतर ते किनाऱ्यावर गेले. एका डच शेतकऱ्याच्या घराचे रुग्णालय झाले होते. सुमारे दोनशे जखमी तेथे पडले होते. रणभूमीवर एका मद्यधुंद शिपायाने त्यांना शत्रू समजून त्यांच्यावर बंदूक रोखली. आपण इंग्रज पाळक आहोत, असे ओरडून सांगितल्यावरच प्राण वाचले.

दानापूरच्या छावणीत मंदिर नव्हते. बराकीत नगारा मांडून त्यावरून प्रार्थना वाचावी लागे. बसावयास आसने नाहीत, म्हणून उपदेश गाळावा, असेही त्यांना सुचविण्यात आले. शिपायांबरोबर राहणाऱ्या एतद्देशीय स्त्रियांची कोणासच फिकीर नव्हती. त्यांच्यासाठी मार्टिन यांनी हिंदुस्थानीत उपासना सुरू केली. त्यांचे उपदेश कठोर असत व त्यामुळे काही गोरी मंडळी दुखावली, हेही खरे. थोडा मवाळपणा त्यांना शोभला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८०९ च्या कडक उन्हाळ्यात, लूचे वारे सोसत, पालखीतून ते कानपुरास पोहोचले ते जवळजवळ बेशुद्धावस्थेत. कानपूर हे मोठे लष्करी ठाणे होते; १८०३ साली जनरल लेक शिंद्यांवर चालून निघाला तो येथूनच. तेथील त्यांचा रविवार असा जाई : पहाटे मैदानात पलटण चौकोनात उभी करून उपासना, नंतर सेनापतीच्या बंगल्यावर उपासना, दुपारनंतर स्वतःच्या अंगणात भिकाऱ्यांचा मेळावा आणि रात्री मोजक्या भाविक शिपायांसह प्रार्थना. मैदानातील उष्म्याने शिपाई उभ्याउभ्या कोसळत. भिकाऱ्यांची संख्या कधी आठशेपर्यंत जाई. त्यात फकीर, गोसावी, आंधळे, महारोगी असे सारेच असत. तेथे ऐकलेल्या शब्दांनी शेख सालिह नावाचा एक मुसलमान विचारात पडला. १८११ साली कलकत्त्यास त्याचा बाप्तिस्मा झाला व तो अब्दुल मसीह म्हणून प्रसिद्धीस आला. पेरणाऱ्याला हे पीक पाहावयास मिळाले नाही.

छावणीच्या धबडग्यातच मार्टिन नव्या कराराचे उर्दू भाषांतर करीत. चुनारला पाळक असलेले डॅनियल कॉरी हे त्यांचे जिवाभावाचे मित्र. पुढे ते मद्रासचे पहिले बिशप झाले. सप्टेंबर १८१० च्या शेवटच्या रविवारी कानपुरात एकदाचे उपासनामंदिर उघडले. मार्टिन यांनी तेथे उपदेश केला आणि दुसऱ्याच दिवशी ते नावेत बसले.

कलकत्त्याहून मुंबईस येताना माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्यांचे सहप्रवासी होते. वाटेत गोव्यात त्यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी पाहिली. फारसी भाषांतर सुधारण्यासाठी ते इराणात गेले आणि मायदेशी परतताना १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे, एकतिसाव्या वर्षी, परक्यांमध्ये वारले. त्यांचा उर्दू नवा करार १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला.