घड्याळजीचा जादूगार झाला

रॉबेर-हूदँ ह्यांचा जन्म १८०५ साली फ्रान्समधील ब्ल्वा गावी एका घड्याळजीच्या घरी झाला. मुलाने वकिलीकडे वळावे ही पित्याची इच्छा; मुलाचे चित्त मात्र चक्रे व कमानी ह्यांत. पुढे पॅरिसमध्ये रूजोल ह्यांच्या जादूच्या साहित्याच्या दुकानात त्यांचा कसबी जादूगारांशी परिचय झाला. १८४५ साली त्यांनी स्वतःचे जादूगृह उघडले. तेथील फुलणारे, फळणारे संत्र्याचे झाड म्हणजे घड्याळजीच्याच हातचे यंत्र होते.

१८५६ साली फ्रेंच सरकारने त्यांना अल्जीरियात धाडले. तेथील मराबूत नामक साधुपुरुषांचा जनमानसावरील प्रभाव घटवावा, हा सरकारचा हेतू. हूदँ ह्यांनी रंगमंचाखाली विद्युच्चुंबक दडविला. वरची लहानशी पेटी बलदंड पुरुषासही उचलेना. प्रेक्षक भयभीत झाले. ही विद्या परक्या सत्तेच्या कामी आली, ह्याचा पारतंत्र्य भोगलेल्या देशाचे नागरिक म्हणून आम्हांस खेद वाटतो. तथापि ज्यांस यंत्र ठाऊक नव्हते तेच भ्याले, हेही आम्ही विसरत नाही.

१८७१ साली हूदँ निवर्तले. हस्तलाघवाची तत्त्वे त्यांनी ग्रंथरूपाने लिहून ठेवली आहेत. ज्ञातिबांधवांनी हे चरित्र मुलांस अवश्य सांगावे, आणि चमत्कारापुढे हात जोडण्यापूर्वी पेटीखाली काय आहे ते पाहण्याची सवय त्यांस लावावी, अशी आमची विनंती आहे.