पॉल ब्राउन

पॉल युजीन ब्राउन (७ सप्टेंबर १९०८ – ५ ऑगस्ट १९९१) हे अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत प्रशिक्षक व संघसंस्थापक होते. क्लीव्हलंड ब्राउन्स आणि सिनसिनाटी बेंगॉल्स या दोन व्यावसायिक संघांच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. पहिल्या संघाला त्यांचेच नाव मिळाले आहे. चित्रफितींच्या आधारे खेळाडूंचे गुणांकन, लेखी परीक्षा, बुद्धिमत्ता चाचणी आणि ४० यार्ड धावण्याची वेळ मोजणे या पद्धती त्यांनी व्यावसायिक फुटबॉलमध्ये रुजविल्या. महाविद्यालयीन खेळाडूंमधून, विशेषतः क्वार्टरबॅकच्या जागेसाठी, योग्य माणूस कसा ओळखावा या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पद्धतशीर पाठपुरावा केला. त्यात त्यांना मोठे यश आले, तसेच काही ठळक अपयशेही पदरी पडली.

बालपण व शिक्षण

ब्राउन यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावी झाला. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत होते. पुढे हे कुटुंब त्याच राज्यातील मॅसिलॉन या पोलाद कारखान्यांच्या गावी स्थायिक झाले. शरीरयष्टी किरकोळ असूनही ब्राउन शालेय संघात क्वार्टरबॅक म्हणून खेळले. या जागेवरचा खेळाडू संघाच्या आक्रमणाचे सूत्रसंचालन करतो. कोणती चाल खेळायची हे तो सहकाऱ्यांना सांगतो, चेंडू हाती आल्यावर क्षणार्धात निर्णय घेतो आणि चेंडू दूरच्या साथीदाराकडे फेकतो किंवा जवळच्या धावपटूकडे सोपवितो. ओहायोतील मायामी विद्यापीठातही ब्राउन याच जागेवर खेळले आणि १९३० मध्ये पदवीधर झाले. या खेळात बाहुबळापेक्षा डोके महत्त्वाचे, ही त्यांची पुढील काळातील धारणा या अनुभवाशी सुसंगत होती.

प्रशिक्षक म्हणून प्रारंभ

मेरीलँडमधील सेव्हर्न शाळेत दोन वर्षे काम केल्यावर १९३२ मध्ये ते मॅसिलॉनच्या आपल्या जुन्या शाळेत प्रशिक्षक म्हणून परतले. तेथील नऊ हंगामांत त्यांच्या संघाने ८० सामने जिंकले, ८ गमावले आणि २ बरोबरीत सोडविले. १९४१ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ग्रेट लेक्स येथील नौदल तळाच्या संघाचे प्रशिक्षण केले.

१९४१ च्या हंगामात ओहायो स्टेटचा एकच पराभव झाला. तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडून झाला होता आणि त्या संघात ऑटो ग्रॅहम हा तरुण खेळाडू होता. हा खेळाडू ब्राउन यांच्या कायम लक्षात राहिला.

क्लीव्हलंड ब्राउन्स

महायुद्धानंतर ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही नवी स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यातील क्लीव्हलंडच्या संघाची सूत्रे ब्राउन यांच्याकडे आली. त्यांनी सर्वप्रथम करारबद्ध केलेल्या खेळाडूंमध्ये ग्रॅहम होते. महाविद्यालयात ग्रॅहम वेगळ्या रचनेत खेळत असत, त्यामुळे ब्राउन यांच्या टी रचनेतील क्वार्टरबॅकचे काम त्यांना नव्याने शिकावे लागणार होते. ते बास्केटबॉलही उत्तम खेळत. चेंडूवरील त्यांची हुकमत आणि चौफेर नजर ब्राउन यांना महत्त्वाची वाटली. खेळाडू आज काय करतो यापेक्षा त्याला काय शिकविता येईल, याचा विचार या निवडीमागे होता.

निवड अचूक ठरली. १९४६ ते १९४९ या चारही वर्षी ब्राउन्स त्या स्पर्धेत अजिंक्य ठरले. १९५० मध्ये हा संघ नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. १९५४ व १९५५ मध्येही त्याने अजिंक्यपद मिळविले. ग्रॅहम दहा हंगाम खेळले आणि दहाही वेळा संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

१९४६ मध्येच ब्राउन यांनी बिल विलिस व मेरियन मोटली या कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर्णभेदाची अलिखित बंदी होती. ती मोडण्यात या निर्णयाचा मोठा वाटा होता.

खेळाडूंची पारख करण्याची पद्धत

ब्राउन यांचे सराव शिबिर शाळेच्या वर्गासारखे चाले. प्रत्येक खेळाडूला वही दिली जाई, त्याने चाली स्वतःच्या हाताने उतरवून घ्याव्यात असा नियम होता आणि त्यावर लेखी परीक्षा होई. नव्या खेळाडूंची बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाई. सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीला गुण दिले जात. ज्या काळात अनेक संघ वृत्तपत्रांतील वर्णने आणि ओळखीच्या प्रशिक्षकांचे शब्द यांवर विसंबत, त्या काळात ही पद्धत नवी होती.

महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी एनएफएलमध्ये ड्राफ्ट या वार्षिक निवडप्रक्रियेने होते. बर्ट बेल यांच्या प्रस्तावावरून १९३६ मध्ये ती सुरू झाली. मागील हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला प्रथम निवडीचा मान मिळतो आणि विजेत्याची पाळी शेवटी येते. त्यामुळे सतत जिंकणाऱ्या ब्राउन्सला उत्तम क्वार्टरबॅक हाती लागणे अवघड होते. या अडचणीतच ब्राउन यांच्या पद्धतीची खरी कसोटी लागली.

ग्रॅहम यांच्या वारसाचा शोध

त्या काळी ड्राफ्टमधील पहिली निवड चिठ्ठी टाकून दिली जात असे. १९५४ मध्ये ती ब्राउन्सला मिळाली. ब्राउन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा क्वार्टरबॅक बॉबी गॅरेट याची निवड केली. महाविद्यालयीन मैदानावर त्याने नाव कमावले होते, परंतु बोलताना तो अडखळत असे. चालींची लांबलचक नावे घोळक्यातील सहकाऱ्यांना थोड्या सेकंदांत सांगणे हे क्वार्टरबॅकचे रोजचे काम असल्याने ही अडचण गंभीर ठरली. एकही सामना न खेळविता ब्राउन्सने त्याला ग्रीन बे पॅकर्सकडे धाडले आणि तेथेही त्याची कारकीर्द एका हंगामात आटोपली. हात, पाय आणि नजर यांची चोख नोंद ठेवणाऱ्या पद्धतीकडून एक साधी गोष्ट निसटली होती.

१९५५ च्या हंगामानंतर ग्रॅहम निवृत्त झाले आणि १९५६ मध्ये ब्राउन्सने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा गमावलेले सामने अधिक होते. १९५७ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन यांना पर्ड्यू विद्यापीठाचा क्वार्टरबॅक लेन डॉसन हवा होता. मात्र नाणेफेकीत पिट्सबर्ग स्टीलर्सची पाळी आधी आली आणि त्यांनी डॉसनला घेतले. सहाव्या पाळीवर ब्राउन यांनी सिराक्यूज विद्यापीठाचा धावपटू जिम ब्राउन याची निवड केली. तो पुढे या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये गणला गेला. इच्छित खेळाडू न मिळाल्यामुळे संघाचे उलट भलेच झाले.

डॉसन १९६० मध्ये ब्राउन्समध्ये आलाही, पण त्याला खेळण्याची संधी फारशी मिळाली नाही आणि १९६२ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. त्यानंतर प्रतिस्पर्धी स्पर्धेत तो यशस्वी झाला आणि जानेवारी १९७० मधील सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सच्या विजयाचा शिल्पकार ठरला. ज्या खेळाडूची पारख ब्राउन यांनी अचूक केली होती, त्याचा उपयोग मात्र त्यांना करून घेता आला नाही.

१९६१ मध्ये आर्ट मॉडेल यांनी ब्राउन्स संघ विकत घेतला. अधिकारांवरून दोघांत मतभेद वाढले आणि जानेवारी १९६३ मध्ये मॉडेल यांनी ब्राउन यांना पदावरून दूर केले.

सिनसिनाटी बेंगॉल्स

१९६८ मध्ये ब्राउन यांच्या पुढाकाराने सिनसिनाटी बेंगॉल्स हा नवा संघ मैदानात उतरला. १९६९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सिनसिनाटी विद्यापीठाच्याच ग्रेग कुक याला पाचव्या पाळीवर निवडले. दणकट बांधा आणि लांब पल्ल्याची फेक यांमुळे त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पहिल्याच हंगामात प्रत्येक फेकीमागे सरासरी ९.४ यार्डांची मजल मारून तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला. परंतु तिसऱ्या सामन्यात त्याच्या खांद्याला झालेल्या इजेचे गांभीर्य वेळीच ओळखले गेले नाही. त्या हंगामात तो तसाच खेळत राहिला आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तेथेच संपली.

कुकची जागा व्हर्जिल कार्टरकडे आली. त्याची फेक दूर जात नसे, पण ती अचूक असे. त्याला अनुरूप अशी छोट्या व वेळेवर केलेल्या फेकींची पद्धत साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी बसविली. पुढे ती वेस्ट कोस्ट पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. क्वार्टरबॅककडे कोणते गुण पाहावेत याचे मापही तिच्यामुळे बदलले. जोरदार हातापेक्षा अचूकता, पावलांची लय आणि झटपट निर्णय यांना महत्त्व आले.

याच दृष्टीने १९७१ मध्ये केन अँडरसनची निवड झाली. इलिनॉयमधील ऑगस्टाना या लहान महाविद्यालयात तो खेळत होता. तेथील प्रतिस्पर्धी दुबळे असल्याने त्याच्या आकड्यांवर विसंबणे अवघड होते. बेंगॉल्सने त्याला तिसऱ्या फेरीत, एकूण ६७ व्या पाळीवर घेतले. तो सोळा हंगाम बेंगॉल्सकडूनच खेळला, चार वेळा फेकीच्या मानांकनात लीगमध्ये पहिला आला आणि १९८१ च्या हंगामात सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

वारसदाराचा निर्णय

१९७५ च्या हंगामानंतर ब्राउन प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. संघाचे व्यवस्थापन त्यांच्याकडेच राहिले. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी वॉल्श यांना डावलून बिल जॉन्सन यांची नेमणूक केली. दुखावलेले वॉल्श संघ सोडून गेले. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी नोत्रे देम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो माँटेना याला तिसऱ्या फेरीत, ८२ व्या पाळीवर निवडले. जानेवारी १९८२ च्या सुपर बोलमध्ये वॉल्श व माँटेना यांच्या संघाने अँडरसनच्या बेंगॉल्सचा २६–२१ असा पराभव केला. जानेवारी १९८९ मध्येही याच संघाने बेंगॉल्सवर मात केली. खेळाडूंच्या पारखीसाठी नावाजलेल्या ब्राउन यांनी स्वतःच्या हाताखालील प्रशिक्षकाला मात्र कमी लेखले, अशी टीका या निर्णयावर होत आली आहे.

निधन व वारसा

ब्राउन यांचे ५ ऑगस्ट १९९१ रोजी निधन झाले. त्यानंतर बेंगॉल्सची सूत्रे त्यांचे पुत्र माइक ब्राउन यांच्याकडे आली. १९६७ मध्येच व्यावसायिक फुटबॉलच्या गौरव सभागृहात ब्राउन यांचा समावेश झाला होता. सिनसिनाटीतील क्रीडागार २००० ते २०२२ या काळात त्यांच्या नावाने ओळखले जात असे.

आज ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे शेकडो महाविद्यालयीन खेळाडूंची एकत्रित चाचणी होते. तेथे मोजली जाणारी ४० यार्डांची धाव ही ब्राउन यांच्या सराव शिबिरांची देणगी मानली जाते. तेथील वैद्यकीय तपासणी आणि संघांनी घेतलेल्या मुलाखती यांचे महत्त्व कुक व गॅरेट यांच्या उदाहरणांवरून लक्षात येते. ग्रॅहम आणि अँडरसन यांच्या निवडींतून पद्धतशीर निरीक्षणाचे सामर्थ्य दिसते, तर गॅरेट आणि डॉसन यांच्या बाबतीत त्याच पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट होतात.