सावळाराम हळदणकर आणि दिव्याचा उजेड

मुंबई-गोवा महामार्गावर नांदगावच्या तिठ्याला देवगडची वाट फुटते. या परिसरात तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा ठेवावयास निघालेली स्त्री समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यापासून ज्योत राखण्यासाठी तळहाताचा आडोसा करते, आणि त्या क्षणी तिच्या बोटांच्या कडा तांबड्या दिसू लागतात. कोकणातल्या कोणत्याही घरात हे दृश्य पिढ्यान् पिढ्या सर्वांनी पाहिलेले आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी ते नीट पाहिलेले नाही. ते नीट पाहिले याच मातीतल्या एका चित्रकाराने. त्याचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडीस झाला. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडणारे हे गाव तेव्हा संस्थानाची राजधानी होते. लाखेची खेळणी आणि गंजिफा यांसाठी त्याची ख्याती होती. गंजिफांचे रंग सपाट असतात. त्यांत छाया नाही, उजेड कोठून येतो याचा प्रश्नही नाही. अशा गावातला हा मुलगा पुढे आयुष्यभर उजेडाच्याच मागे लागला, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्याचे चित्रकलेतील गुण शाळेतच लक्षात आले, संस्थानाचा आश्रय मिळाला आणि १९०३ साली तो मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे सेसिल बर्न्स प्राचार्य होते. गोमंतकीय चित्रकार आंतोनियो त्रिंदाद हेही शिक्षकवर्गात होते. १९०८ साली हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था काढली. १९१८ साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन करणाऱ्यांतही ते होते. पुढे प्रदर्शने, पदके, व्यक्तिचित्रांची कामे हे सर्व यथाक्रम झाले. त्याची यादी देण्याचे येथे कारण नाही.

कारण आहे ते एका आक्षेपाचे. जे. जे. मध्ये शिकविल्या जाणाऱ्या वास्तवदर्शी शैलीला बंगालच्या पुनरुज्जीवनवादी चित्रकारांनी परकी ठरविले, तर १९४७ नंतर मुंबईच्या नव्या चित्रकारांनी ती जुनाट ठरविली. दोहोंचा मथितार्थ एकच होता. समोर दिसते तसे काढणे ही नक्कल आहे, आणि नकलेला प्रतिभा लागत नाही. या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. डोळा म्हणजे कॅमेरा, जग आहे तसे तो टिपतो आणि हात ते कागदावर उतरवितो, असे ते गृहीत. मानवी संवेदनांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने ते केव्हाच निकालात काढले आहे, आणि हळदणकरांचे सर्वांत गाजलेले चित्र हा त्याचा घरचा पुरावा होय.

हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढलेले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते जगाला ठाऊक आहे. त्यासाठी हातात दिवा घेऊन चित्रकाराची कन्याच उभी राहिली होती. दिवा धरलेला एक हात, ज्योतीपुढे आडवा धरलेला दुसरा, उजळलेला चेहरा आणि मागे अंधार, एवढाच त्याचा विषय. आता अडचण पाहावी. खोलीतला काळोखा कोपरा आणि दिव्याची ज्योत यांच्या तेजात हजारो पटींचे अंतर असते. कागदाचे सामर्थ्य मात्र फारच तोकडे आहे. उत्तम पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ऐंशीच्या आसपास परत पाठवितो, गडद काळा रंगही तीन-चार टक्के परत पाठवितोच. म्हणजे चित्रकाराच्या हाती सारी मिळून वीस-पंचवीस पटींची पुंजी. एवढ्या भांडवलावर हजारोंचा व्यवहार करावयाचा, तर नक्कल करणे मुळातच अशक्य ठरते.

मग तो उजेड येतो कोठून? तो पाहणाराच निर्माण करतो. डोळा तेजाचे मोजमाप घेत नाही, तो शेजाऱ्याशी तुलना करतो. पॅरिसच्या गोबेलें येथील गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. तपासाअंती त्याला आढळले की रंगात खोट नव्हती. दोष होता लगतच्या धाग्यांच्या रंगांचा. १८३९ साली त्याने या परस्परप्रभावाचे नियम ग्रंथरूपाने मांडले. फेक्नरने १८६० साली संवेदना आणि उद्दीपक यांचे नाते गणिताने बांधले. त्यातून असे ठरले की मनाला जाणवतो तो फरक किती पट झाला हे, केवळ किती वाढला हे नव्हे. त्यानंतर काही वर्षांनी हेल्महोल्ट्झने चित्रकलेविषयी व्याख्याने देऊन सांगितले की चित्रकार प्रकाशाची प्रत काढीत नाही, डोळ्यावर होणाऱ्या परिणामाचे भाषांतर करतो.

हळदणकरांनी हे ग्रंथ वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या कुंचल्याला ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी मागचा अंधार एकदम काळा न करता पायरीपायरीने खोल नेला. डोळ्याला तीक्ष्ण कड दिसली की तो तिला वस्तूची कड समजतो. तोच उतार मंद असला की त्याला प्रकाश पसरल्याचा भास होतो. चेहऱ्यावरचा पिवळसर तांबूस रंग वेगळा काढून पाहिला तर तो कोणत्याही निरोगी त्वचेचा नव्हे. तरीही त्या मुलीला कावीळ झाली आहे असे कोणाच्या मनात येत नाही. मन त्वचेचा रंग एकीकडे आणि दिव्याचा रंग दुसरीकडे असा हिशेब आपोआप करून मोकळे होते. बोटांच्या लाल कडा तर या सगळ्यावर ताण आहेत. रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि तांबडा पार होऊ देते. म्हणून आडोसा केलेल्या हाताच्या कडेतून लाली फुटते. ती दिसताच पाहणाऱ्याचे मन ठरविते की मागे ज्योत आहेच, आणि तिचे तेज ते स्वतःच्या पदरचे घालते.

माध्यमाची निवडही धाडसाची होती. तैलरंगात चुकलेला उजेड वरून पांढरा देऊन दुरुस्त करता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तेथे सर्वांत उजळ जागा म्हणजे न रंगविलेला कागद, आणि तो एकदा डागाळला की गेलाच. याचा अर्थ असा की चित्रकाराने पहिला हात मारण्यापूर्वीच शेवटचा उजेड कोठे राहणार हे ठरवून ठेवलेले असले पाहिजे. नक्कल करणाऱ्याला इतका पुढचा विचार करावा लागत नाही.

चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात गेले आणि तेथे अंधाऱ्या जागी मांडण्यात आले. पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की मागे कोठे तरी दिवा लावला असावा. येथवर ठीक आहे. पुढची गोष्ट मात्र मराठी माणसाला टोचणारी आहे. असंख्य लोक हे चित्र राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ साली वारला, चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी झाले, पण साडी नेसलेली देखणी स्त्री आणि जुना राजवाडा एवढे दिसले की डोळे पुढचे वाचावयाचे थांबतात. अपेक्षा असते तेच दिसते, हा संवेदनशास्त्राचाच पाठ. फरक इतकाच की चित्रातला भास चित्रकाराने योजलेला होता, तर हा भास त्याच्याच नावावर उलटला. यात दोष परप्रांतीयांचा मानण्याचे कारण नाही. आपल्याकडील किती शाळांतून चित्रकलेच्या तासाला हळदणकरांचे नाव निघते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

एका चित्रावरून माणूस तोलणे हेही अन्यायाचेच. ‘अ मोहमेडन पिल्ग्रिम’ या त्यांच्या तैलचित्राला १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक दिव्याच्या चित्रापूर्वीच पक्का झालेला होता. शिक्षक म्हणूनही त्यांनी दीर्घकाळ विद्यार्थी घडविले. ३० मे १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर दिव्याच्या त्या चित्राला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पुढे त्याच्या छापील प्रती कॅलेंडरांवरून आणि चौकटींतून घरोघरी पोहोचल्या, आणि त्यांतल्या कित्येकांवर चित्रकाराचे नाव नव्हते.