अनफिट ठरलेला मुलगा आणि मंगळावरचा दगड

सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉक्टरच्या हातून औषधांच्या चिठ्ठ्यांइतकीच प्रमाणपत्रे लिहिली जातात. कुणाला पोलीस भरतीसाठी हवे असते, कुणाला शिक्षकाच्या नोकरीसाठी, कुणाला परदेशी शिकायला जायचे असते. वजन, उंची, रक्तदाब, छातीचा एक्स-रे आणि लघवीची तपासणी झाली की शेवटच्या रकान्यात फिट किंवा अनफिट एवढा एक शब्द लिहायचा आणि शिक्का मारायचा. पाच मिनिटांचे काम. पण त्या रकान्यापाशी माझा पेन कधी कधी थांबतो आणि मद्रासचे एक सिव्हिल सर्जन आठवतात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी किरकोळ अंगकाठीच्या एका हुशार विद्यार्थ्याला तपासले आणि इंग्लंडची हवा याला सोसणार नाही, असे ठरवून टाकले. त्या विद्यार्थ्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. आज त्यांच्या शोधावर चालणारी उपकरणे मंगळावर दगड ओळखत आहेत.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या नोकरीमुळे बालपण विशाखापट्टणमला गेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये बी.ए. झाले, तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते. भौतिकशास्त्राचे सुवर्णपदक त्यांनाच मिळाले. पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जा, असे शिक्षकांनी सुचवले आणि तिथेच ती वैद्यकीय तपासणी आडवी आली. मुलगा मद्रासमध्येच एम.ए. करत राहिला. १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. मुलाला नाकारले गेले होते, त्याचा निबंध मात्र विलायतेला पोहोचला. पुढे रामन त्या सिव्हिल सर्जनचे आभारच मानत.

त्या काळी हिंदुस्थानात संशोधनावर पोट भरणे अवघड होते. रामन यांनी सरकारी अर्थखात्याची परीक्षा दिली, लोकसुंदरी यांच्याशी लग्न केले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. एके दिवशी ट्राममधून जाताना त्यांना बौबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. ही संस्था १८७६ मध्ये उभी केली होती डॉ. महेंद्रलाल सरकार या डॉक्टरने. वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून त्यांनी देणग्या गोळा केल्या. आपल्या देशातल्या तरुणांनी आपल्या हातांनी विज्ञान करावे, हा त्यांचा ध्यास होता. तसे तरुण फारसे न दिसताच ते १९०४ मध्ये वारले. तीन वर्षांनी रामन त्या दारातून आत गेले. एका डॉक्टरने या मुलाची वाट अडवली खरी. पण दुसऱ्या डॉक्टरने, त्याला कधी न पाहता, त्याच्यासाठी प्रयोगशाळा उभी करून ठेवली होती.

पुढची दहा वर्षे रामन ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर तिथे काम करत. व्हायोलिन, वीणा, तबला, मृदंग यांच्या नादाचे शास्त्रही त्यांनी शोधले. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद मिळाले. पगार आधीपेक्षा कमी होता, तरी त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

इंग्लंडची हवा त्यांना पहिल्यांदा लागली ती १९२१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आणि तिने काही बिघडवले नाही. परतताना एस.एस. नारकुंडा बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांना दिसला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे त्या वेळचे मत होते आणि त्यामागे लॉर्ड रॅले यांच्यासारखे मोठे नाव होते. रामन यांच्या खिशात निकोल प्रिझम हे साधे स्फटिकाचे उपकरण होते. त्यातून पाहून त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड गाळला. निळाई तरीही राहिली. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते.

कलकत्त्याला परतल्यावर हाच विषय हाती घेतला. द्रवांतून प्रकाश सोडायचा आणि बाजूने बाहेर पडणारा उजेड तपासायचा. १९२३ मध्ये त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना त्या उजेडात मूळ रंगाशिवाय आणखी एक क्षीण झाक दिसली. द्रवात काही मळ असेल म्हणून तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला, पण झाक जाईना. आम्हा डॉक्टरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. रिपोर्टमध्ये न बसणारा आकडा आला की तो लॅबची चूक म्हणून बाजूला सारायचा, की त्याचा पाठलाग करायचा? रामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाच वर्षे पाठलाग केला. १९२८ च्या सुरुवातीपासून के. एस. कृष्णन यांनी सुमारे साठ द्रवांवर प्रयोग केले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पाऱ्याच्या दिव्याचा उजेड वापरून स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिल्यावर मूळ रंगाच्या रेषेशेजारी वेगळ्या रेषा स्वच्छ दिसल्या. मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात त्याच सुमारास हेच आढळले होते, पण रामन यांचे निष्कर्ष आधी प्रसिद्ध झाले. १९३० चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन यांचे श्रम विसरून मात्र ही कथा सांगता येत नाही.

त्या रेषा म्हणजे काय? पदार्थातले अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात आणि सतत थरथरत असतात. प्रकाशाचा कण रेणूवर आदळला की बहुधा होता त्याच रंगाने परत फिरतो. पण साधारण कोटीत एखादा कण आपली थोडी ऊर्जा त्या थरथरीला देऊन बसतो आणि किंचित तांबडेपणाकडे सरकून बाहेर पडतो. किती सरकला, हे त्या पदार्थाच्या जोडणीवर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या रेषांचा क्रम त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. पदार्थ फोडावा लागत नाही, विरघळवावा लागत नाही.

याचा उपयोग मी मुतखड्याच्या रुग्णांना समजावतो. उन्हाळ्यात असे रुग्ण वाढतात. एखादा कागदाच्या पुडीत पडलेला खडा घेऊन येतो आणि विचारतो, पडला ना, मग आता तपासायचा कशाला? खडा युरिक ॲसिडचा असेल तर लघवीतली आम्लता कमी करणाऱ्या औषधाने पुढचे खडे विरघळवता येतात; कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर येत नाहीत. ऑक्झलेटचेही दोन प्रकार आहेत, एकात पाण्याचा एक रेणू असतो, दुसऱ्यात दोन. व्हेवेलाइट आणि वेडेलाइट ही त्यांची नावे खनिजशास्त्रातून आलेली आहेत. प्रयोगशाळा बहुतेक वेळा खडा अवरक्त किरणांनी ओळखतात. रामन रेषांनीही तो ओळखता येतो. दगड मूत्रपिंडातला असो वा डोंगरातला, त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत एवढे कळून भागत नाही. ती कशी जोडली आहेत, हे कळावे लागते.

एवढे उपयोगी तंत्र मधली काही दशके मागे पडले होते, कारण कोटीत एक हा उजेड फारच अपुरा होता. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला आणि चित्र पालटले. एकाच रंगाचा प्रखर झोत मिळाला, त्यामुळे क्षीण रेषाही मोजता येऊ लागल्या. तेव्हा रामन ७१ वर्षांचे होते आणि बंगळूरला आपल्या संस्थेत हिरे, ओपल, मोती, लॅब्राडोराइट यांच्या रंगांत रमलेले होते. खनिजांचा त्यांचा संग्रह आजही रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

आता मंगळाकडे जाऊ. २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरवर लेसरचे उपकरण होते, पण त्याची रीत वेगळी. त्याचा झोत दगडाचा कणभर भाग जाळून ठिणगी पाडतो आणि ठिणगीच्या रंगांवरून मूलद्रव्ये ओळखतो. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये याच रीतीने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक ओळखले. ते उपकरण इस्रोच्या बंगळूरमधल्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. पण ठिणगीला एक मर्यादा आहे. हिरा असो की पेन्सिलीतले ग्राफाइट, ठिणगी दोन्हींना कार्बनच म्हणते. रामन रेषा मात्र दोघांना लगेच वेगळे ओळखतात.

म्हणून १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर दोन रामन उपकरणे बसवली गेली. परग्रहावर ती पहिल्यांदाच गेली. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळा आणि फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी मिळून बनवलेले सुपरकॅम रोव्हरच्या मानेवर आहे. ते ठिणगीही पाडते आणि हिरवा लेसर सोडून काही मीटर दूरच्या दगडाच्या रामन रेषाही टिपते. मंगळावरच्या उन्हात हा क्षीण उजेड हरवू नये म्हणून त्याचा कॅमेरा लेसरच्या स्पंदाबरोबर क्षणाच्या अगदी लहान अंशापुरताच उघडतो. दुसरे उपकरण, शेरलॉक, रोव्हरच्या हातावर आहे. ते अतिनील लेसरने दगडाचा पृष्ठभाग जवळून तपासते आणि कार्बनी पदार्थांचाही माग काढते. जेझेरोत एके काळी तळे होते. तिथल्या दगडांत ऑलिविनबरोबर कार्बोनेट आणि सल्फेट सापडली, म्हणजे पाणी त्या खडकांतून खेळले होते. कलकत्त्यात द्रवावर सुरू झालेला प्रयोग परग्रहावरच्या हरवलेल्या पाण्यापर्यंत पोहोचला.

पण रामन यांच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख संपवणे प्रामाणिक ठरणार नाही. १९३३ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईहून बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी तिथे प्रवेश मागितला. गुण उत्तम होते. रामन यांनी नकार दिला, कारण त्या मुलगी होत्या. कमलाबाई हटल्या नाहीत; त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी पहिले वर्ष जाचक अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले. पुढे त्याच केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या आणि डॉ. कमला सोहोनी म्हणून कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर मुंबईत संशोधन करत राहिल्या. ज्याला एका शिक्क्याने अनफिट ठरवले होते, त्यानेच दुसऱ्या कुणाला न तपासता तसे ठरवावे, हे वाचून मला आजही वाईट वाटते. निळ्या समुद्राच्या बाबतीत त्यांनी मोठ्या नावाचे मत मानले नव्हते, स्वतः प्रिझम लावून पाहिले होते. इथे तो प्रिझम खिशातच राहिला.

१९७० च्या ऑक्टोबरअखेरीस रामन प्रयोगशाळेतच कोसळले. रुग्णालयातून सावरल्यावर त्यांनी आपल्या संस्थेत परतण्याचा हट्ट धरला. २१ नोव्हेंबरला ते गेले. संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मद्रासच्या त्या प्रकृतिपरीक्षेनंतर हे शरीर साडेसहा दशके चालले होते.

परवा एका तरुणाचा फॉर्म माझ्यासमोर होता. वजन कमी, हिमोग्लोबिन कमी. शेवटच्या रकान्यात मी सध्या हा शब्द आधी लिहिला, मग अनफिट, आणि खाली तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे अशी ओळ जोडली. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तो पुन्हा येईल तेव्हा मी तपासूनच लिहीन.