एमिली रोब्लिंग

न्यूयॉर्क व ब्रुकलिन ही एके काळी दोन स्वतंत्र शहरे होती. त्यांच्यामधून ईस्ट रिव्हर हा रुंद जलप्रवाह वाहत असे. लोकांना नावेतून ये-जा करावी लागे. हिवाळ्यात बर्फामुळे तीही खोळंबे. या प्रवाहावर पोलादी तारांचा झुलता पूल बांधण्याचा आराखडा जॉन रोब्लिंग यांनी केला. परंतु कामास आरंभ होण्यापूर्वीच, 1869 साली, पायास इजा होऊन ते धनुर्वाताने निवर्तले. मग त्यांचे पुत्र वॉशिंग्टन यांनी ही जबाबदारी उचलली. एमिली ही वॉशिंग्टन यांची पत्नी.

पुलाचे पाये प्रवाहाच्या तळाखाली खोल न्यावयाचे होते. त्यासाठी खालून उघड्या अशा प्रचंड लाकडी पेट्या पाण्यात उतरविल्या. आत दाबाने हवा भरली की पाणी बाहेर राही आणि मजूर तळ खणीत. पण या दाबातून माणूस एकाएकी बाहेर आला, तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन त्याला असह्य वेदना होत. कित्येकांचे अंग लुळे पडे. 1872 साली वॉशिंग्टन याच व्याधीने ग्रासले गेले. त्यांना कामावर जाणे अशक्य झाले.

प्रारंभी एमिलीबाई पतीच्या सूचना लिहून घेत व कामावर पोचवीत. परंतु अर्थ न कळता निरोप सांगणाऱ्यास उलट प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. स्थापत्यशास्त्र तर त्या कोणत्याही विद्यालयात शिकल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी घरीच अभ्यास मांडला. उच्च गणित, पदार्थांची बळकटी, तारदोरांची रचना, दोन टोकांस बांधलेला दोर आपल्या भाराने जी वक्ररेषा घेतो तिचे गणित, असे कठीण विषय त्या एकामागून एक शिकल्या. पती हेच त्यांचे गुरू आणि पूल हीच प्रयोगशाळा. घरी समजून घेतलेले त्या कामावर जाऊन ताडून पाहत. पुढे अभियंते व ठेकेदार यांच्याशी त्याच बोलू लागल्या आणि त्यांच्या शंकांचे निरसन करू लागल्या.

1882 साली आजारी वॉशिंग्टन यांना पदावरून दूर करण्याचा प्रयत्न झाला. एमिलीबाईंनी पतीची बाजू नेटाने मांडली. अखेर विश्वस्तांच्या सभेत 10 विरुद्ध 7 मतांनी त्यांचे पद राहिले.

24 मे 1883 रोजी पूल खुला झाला. त्याचा मधला गाळा सुमारे 1,595 फूट लांब होता. एवढा लांब झुलता पूल त्या वेळी जगात दुसरा नव्हता. त्याआधीच गाडीतून पुलावरून प्रथम जाण्याचा मान एमिलीबाईंना मिळाला होता. विजयाचे चिन्ह म्हणून त्यांनी सोबत एक कोंबडा घेतला होता.

त्यांची ज्ञानाची ओढ पुढेही ओसरली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1899 साली, त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला. 1903 साली त्यांचे निधन झाले. विषय अवघड आहे म्हणून त्यांनी तो कधी दूर सारला नाही. कळेपर्यंत त्या शिकत राहिल्या. त्या अभ्यासाचे फळ असलेला तो पूल आजही वाहता आहे.