डोंगरातले वाडिया, समुद्रातला डोंगर

आमच्या दारासमोर समुद्र आहे. एका अंगाला सिंधुदुर्ग किल्ला, पाठीमागे जांभ्याचा सडा आणि पुढे नजर पोहोचेल तिथवर पाणी. आजोबा रापणीवर होते, बाबाही रापणीला जातात. आई मासळी घेऊन बाजारात बसते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एवढी वर्षे समुद्र बघूनही त्या पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तळ म्हणजे वाळू आणि चिखल, आणि जाळे फाडणारे खडक, एवढीच आमच्या घरची माहिती.

गेल्या वर्षी आमचे भूगोलाचे सर वर्गात अरबी समुद्राचा एक नकाशा घेऊन आले. त्यात पाणी नुसते निळे नव्हते, तळाचे उंचसखल भाग दाखवले होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर, दूर खोल पाण्यात, लक्ष्मी खोरे नावाचा भाग आहे. त्यात तीन डोंगर बुडालेले आहेत. एकाला रामन यांचे नाव, दुसऱ्याला पणिक्कर यांचे आणि तिसऱ्याला वाडिया यांचे. तिसऱ्याच्या नावापुढे इंग्रजीत एक शब्द होता. मी तो मोठ्याने 'गायट' असा वाचला आणि वर्गात हसे करून घेतले. त्याचा उच्चार 'गीयो' असा आहे. माथा सपाट असलेल्या समुद्रातल्या डोंगराला गीयो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हॅरी हेस नावाचे एक अमेरिकन भूशास्त्रज्ञ नौदलात होते. जहाजावरच्या प्रतिध्वनी यंत्राने पॅसिफिकचा तळ मोजताना त्यांना असे डोंगर सापडले आणि त्यांनी आर्नल्ड गीयो या जुन्या भूगोलतज्ज्ञाचे नाव त्यांना दिले. हे डोंगर एके काळी पाण्याच्या पृष्ठभागापाशी होते, लाटांनी त्यांचा माथा खरवडून सपाट केला आणि मग ते खाली खचले, असे समजतात.

वाडिया म्हटले की मला मुंबईचे हॉस्पिटल तेवढे माहीत होते. हे कोण वाडिया, म्हणून ग्रंथालयात शोधू लागले, आणि शोधता शोधता तो माणूस मला आवडू लागला.

दाराशा नौशेरवान वाडिया यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरतेत झाला. वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा. याच घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांनी व त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. दाराशांचे वडील मात्र रेल्वेत स्टेशनमास्तर होते. स्टेशन लहान, जवळपास शाळा नाही, म्हणून मुलांना सुरतेला आजीकडे ठेवले होते. थोरांच्या चरित्रात रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास असतो, तसे यांच्या चरित्रात काही नाही. शाळेसाठी आईबापांपासून दूर राहिलेला एक मुलगा, एवढेच. पुढे कुटुंब बडोद्याला आले आणि बडोदा कॉलेजात ते १९०३ मध्ये बी.एस्‌सी. झाले. विषय वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. भूशास्त्र त्यांनी नंतर जोडून घेतले आणि १९०६ मध्ये ते एम.ए. झाले. ज्या विषयात पुढे त्यांचे नाव झाले, तो त्यांचा पहिला विषय नव्हता, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. कारण पुढे सांगते.

१९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी चौदा वर्षे शिकवले. मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक लेखांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. जम्मू म्हणजे शिवालिक टेकड्यांच्या कुशीतले गाव. सुटी लागली की हा तरुण प्राध्यापक टेकड्यांत जाई. कोणी नेमले नव्हते, त्याचा पगारही नव्हता. तिथे त्यांना स्टेगोडॉन या नामशेष झालेल्या हत्तीच्या जातीची कवटी आणि जवळजवळ दहा फूट लांबीचा सुळा सापडला. शिकवताना त्यांना आणखी एक अडचण दिसली असणार. भारतातल्या मुलांना भारताचे भूशास्त्र शिकायला सोयीचे पुस्तक नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी ते स्वतः लिहिले. 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि देशातल्या भूशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास केला.

१९२१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्यांना घेतले. तेव्हा ते अडतिशीला टेकले होते. त्या खात्यातले अधिकारी बहुतेक युरोपियन. वाडियांकडे युरोपातली पदवी नव्हती. पीएच.डी. तर नव्हतीच. डॉक्टर हा शब्द त्यांच्या नावामागे पुढे मानाने आला. हाती होती ती चौदा वर्षांची पायपीट आणि ते पुस्तक.

खात्यात आल्यावर त्यांनी पूंछ, काश्मीर, हजारा हा सगळा प्रदेश पालथा घातला. हिमालयाची रांग वायव्येला नंगा पर्वतापाशी येते आणि एकाएकी कोपरात वाकवल्यासारखी दक्षिणेला वळते. डोंगर इथे का वळतात? १९३१ मध्ये वाडियांनी त्याचे उत्तर मांडले. द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण भूमीचे एक टोक जिभेसारखे उत्तरेकडे घुसलेले आहे आणि मऊ थर त्याच्याभोवती वळून दुमडले गेले आहेत. मला हे पुस्तकातून नीट कळले नाही, रापणीवरून कळले. दोन्ही बाजूंनी माणसे रापण ओढत असतात आणि मध्येच पाण्याखालच्या खडकाला जाळे अडते. मग दोन्ही बाजू पुढे येतात, मधला भाग तिथेच राहतो आणि जाळे त्या खडकाभोवती वळते. सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले की दाखला सगळा जुळत नाही, पण वळण कळायला पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट. हिमालयातले पुष्कळसे थर मुळात समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. टेथिस नावाचा समुद्र तिथे होता. काश्मीरच्या डोंगरात वाडियांना जे जीवाश्म मिळत, त्यांत समुद्रातले प्राणी असत. म्हणजे हा माणूस आयुष्यभर समुद्राच्या तळावरच चालत होता, फक्त तो तळ वर उचललेला होता.

१९३८ मध्ये ते खात्यातून निवृत्त झाले आणि सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. परत आल्यावर भारत सरकारचे भूशास्त्रीय सल्लागार, १९४९ पासून अणुऊर्जेच्या खनिजांचा शोध, १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९५८ मध्ये पद्मभूषण. मानसन्मानांची यादी लांब आहे, ती मी देत नाही.

समुद्राशी त्यांचा खरा संबंध आला तो वयाच्या पंचाहत्तरीनंतर. तोपर्यंत हिंदी महासागर हा जगातल्या सर्वांत कमी माहिती असलेल्या महासागरांपैकी होता. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून सुमारे चाळीस जहाजांनिशी त्याची पाहणी केली. भारताच्या नौदलाने त्यासाठी 'किस्तना' हे जहाज दिले. या कामासाठी आपल्या देशात महासागर संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वाडिया होते आणि प्रत्यक्ष कामाची धुरा एन. के. पणिक्कर यांनी वाहिली. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोना पावला येथे आहे, मालवणहून एस.टी.ने एका दिवसात जाऊन परत येण्यासारखी. १५ जून १९६९ रोजी वाडिया वारले. आमच्या समोरच्या समुद्रातले ते तीन डोंगर याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधले. म्हणून दोन नावे शेजारी शेजारी आहेत.

आता माझे. आजोबा दोरीला शिसाचा गोळा बांधून खोली बघत, आणि गोळ्याला काय चिकटून आले त्यावरून खाली चिखल की रेव ते सांगत. जहाजावरचे यंत्र आवाज सोडते आणि प्रतिध्वनीची वाट बघते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला तर तळ ३००० मीटरवर. हे वाचले त्या दिवसापासून मला सागरी भूशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. वर्गात हे अजून कोणाला बोलले नाही. एस.वाय.बी.ए.ची मुलगी हे बोलली तर ऐकणारा हसेल, आणि त्याचे फारसे चुकणारही नाही. मी बारावी शास्त्र शाखेतून केली. बी.एस्‌सी.ची प्रॅक्टिकल्स संध्याकाळपर्यंत चालतात आणि दुपारी आईला बाजारात माणूस लागते, म्हणून बी.ए.ला आले.

वाडियांच्या नावाने मनाची समजूत घालणे सोपे आहे. त्यांनाही डॉक्टरेट नव्हती, त्यांचाही पहिला विषय वेगळा होता. पण ते १९२१ साल होते. आज या वाटेला एम.एस्‌सी. लागते, मग नेटची परीक्षा, फेलोशिप, आणि नंतर चार-पाच वर्षे. आणि वाडियांकडे पहिल्यापासून विज्ञानाची पदवी होती, हे मी विसरून चालणार नाही. बी.ए. पुरी करून भूगोलात एम.ए. केले तर किनाऱ्याचा अभ्यास करता येईल: देवबागची वाळूची पट्टी कुठे वाढते, कुठे खचते वगैरे. खोल तळापर्यंत पोहोचायचे तर मला पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.एस्‌सी. करावी लागेल, तीही गोव्याला राहून. सरांनी दोन्ही वाटा कागदावर लिहून दिल्या आणि खर्चही मांडून दाखवला. कुठली धर, ते सांगितले नाही.

तूर्त मी दर अमावास्येला आणि पौर्णिमेला दांडीच्या किनाऱ्यावर एका ठरलेल्या माडापासून पाण्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजते आणि वहीत लिहिते. ओहोटी संपत आली की जाते. आठ महिने झाले. याला संशोधन म्हणत नाहीत हे मला माहीत आहे.

गोव्याच्या कॉलेजांचे प्रवेश सुरू व्हायला आता थोडेच दिवस उरले आहेत. घरी अजून काही सांगितलेले नाही. हा अंक घरी नेला की धाकटी बहीण बाबांना सगळे वाचून दाखवते, जाहिरातींसकट. तेव्हा त्यांना कळेलच.